वेदना व्यवस्थापनाचा ऑनलाइन अभ्यास: थेट वर्ग की लेखी चर्चा?

दोन्ही प्रकार मी करून पाहिले आहेत. आधी आपल्याकडच्याच एका संस्थेची वर्षभराची फेलोशिप, आठवड्यातून दोन संध्याकाळी थेट वर्ग. ती अर्धवट सोडली. मग ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं एमएस्सी, जवळजवळ सगळं वाचन आणि लेखी चर्चेवर चालणारं. सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोथरूडमध्ये माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे आणि सगळं त्या अनुभवावरून सांगतोय. भूलतज्ज्ञांचा हिशोब कदाचित वेगळा निघेल.

थेट वर्गांच्या बाजूने बरंच बोलता येईल. शिकवणाऱ्यांनी आपले रुग्ण पाहिलेले असतात. मॉर्फिनचा विषय निघाला की १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, त्यातली २०१४ ची दुरुस्ती आणि त्यानंतरही कॅन्सरच्या रुग्णाच्या घरच्यांना का वणवण करावी लागते, हे ते नीट उलगडून सांगायचे. ब्रिटिश अभ्यासक्रमाला काळजी आहे ती उलटी: मॉर्फिनसारखी ओपिऑइड औषधं चालू असलेल्या माणसाचा डोस कमी कसा करायचा. तेही शिकण्यासारखंच आहे, पण ते आपल्याकडे कसं लागू पडेल हे आपलं आपण शोधायचं. शिवाय इथली फी रुपयांत. पौंडाचा भाव बघून हप्ता भरण्याची धाकधूक नाही.

तरीही मी सोडलं ते हजेरीमुळे.

वर्ग संध्याकाळी साडेसात ते नऊ. पुण्यात क्लिनिक चालवणाऱ्याला सांगायला नको. दुपारी एक ते साडेचार आपण मोकळे असतो आणि साडेसातला बाहेरच्या बाकावर बसायला जागा नसते. मी वेळा पुढेमागे केल्या, जमवलं. पण वर्ग चालू असताना मधेच केव्हाही पडद्यावर चार आकडे यायचे. तीन मिनिटांत भरले नाहीत की गैरहजेरी. रेकॉर्डिंग मिळायचं, मात्र ते पाहिलेलं हजेरीत धरत नसत आणि हजेरी कमी पडली तर परीक्षा नाही.

एका गुरुवारी सत्तरीच्या एक बाई वेळ न घेता आल्या. नागीण उठून गेल्याला पाच महिने झाले होते, पण बरगडीखालच्या पट्ट्यात अजून भगभग होती. पदर लागला तरी सहन होत नाही म्हणून त्यांनी साडी नेसणं सोडलं होतं. ते सांगतानाच त्यांचा आवाज भरून आला आणि टेबलावरच्या फोनवर आकडे आले. ‘एक मिनिट हं मावशी,’ म्हणून मी ते भरले. मान वर केली तोवर त्या गप्प झाल्या होत्या. ‘राहू द्या, तुम्ही कामात आहात,’ एवढंच म्हणाल्या. पुढे विचारलं त्याला हो-नाही करत राहिल्या. मी समन्वयकांना पत्र लिहिलं. नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर आलं. महिनाभरात मी थांबलो. भरलेले पैसे गेले.

लेखी पद्धतीत सोमवारी वाचन आणि एक केस येते, आठवडाभरात आपलं म्हणणं मांडायचं. दुपारी दोनला लिहा नाहीतर रात्री अकराला. अधूनमधून थेट भेट असते, तीही ऐच्छिक. तिकडच्या दुपारी एकला आपल्याकडे उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. चुकली तर रेकॉर्डिंग पाहायचं, कुणी हिशोब मागत नाही.

आणि लिहावं लागतं म्हणून विचार करावा लागतो. मज्जातंतूंची वेदना ओळखण्यासाठीची डीएन-४ प्रश्नावली आपण वापरतोच. दहापैकी चार आले की संशय घ्यायचा. चर्चेसाठी मी तिच्या पहिल्या सात प्रश्नांचं मराठी करून पाहिलं, अर्थात कामचलाऊ. आग, सणक, मुंग्या, टोचणं, बधिरपणा, खाज हे पटकन जमलं. गारठ्यासारखी दुखणारी वेदना मात्र अडली. शेवटी ‘बर्फ ठेवल्यासारखं’ हे एका रुग्णाचेच शब्द घेतले. केनियातल्या एका नर्सबाईंचंही त्यांच्या भाषेत तिथेच अडलं होतं. आमचं त्यावर चार दिवस चाललं. थेट वर्गात याला दोन मिनिटंही मिळाली नसती, असं मला वाटतं.

उणिवा आहेत. वाचन खूप, घरच्यांचे रविवार जातात. या पदवीने इथे कुणी विशेषज्ञ म्हणून नोंदला जात नाही, हे आधीच समजून घ्यावं. आणि ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, द्यायला शिकायचं असेल तर दोन्ही अपुरे. त्यासाठी कुणाच्या तरी हाताखाली उभंच राहावं लागतं. तुम्ही भूलतज्ज्ञ असाल, संध्याकाळ मोकळी असेल आणि कार्यशाळा जोडलेली असेल, तर थेट वर्गांची फेलोशिप जास्त उपयोगी पडू शकेल.

बाकीच्यांनी एडिंबरा आणि सिडनी विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम निदान बघून ठेवावेत. डॉक्टर, नर्स, फिजिओ एकाच वर्गात असतात. ब्रिटनमध्ये पूर्ण एमएस्सी १८० क्रेडिटचं असतं, पण ६० वर प्रमाणपत्र घेऊन थांबायची सोय बहुधा असते. मी तेवढंच ठरवून आत शिरलो होतो. आणि कुठेही पैसे भरण्याआधी मेल करून विचारा: रेकॉर्डिंग पाहिलेलं हजेरीत धरता का? उत्तर लेखी घ्या.