न्यूरो ओपीडी: डॉक्टरांना पाच स्टार, रिसेप्शनला दोन

सासूबाईंना घेऊन साताऱ्याहून गेले होते, त्यामुळे बाहेरगावच्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आईंचं वय ७१, शुगर बऱ्याच वर्षांपासून, पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दिवाळीनंतर विसरायला लागल्या. म्हणजे चष्मा कुठे ठेवला तसलं नाही, वरणाला दोनदा फोडणी, भिशीचे पैसे दिले की नाही यावरून शेजारच्या काकूंशी भांडण, आणि सकाळी कूस बदलली की घर गरागरा फिरायचं. त्यात मग घाबरणं सुरू झालं, मला एकटीला सोडून जाऊ नका, छातीत धडधडतंय, मला कायतरी होणारे. नातेवाइकांचं निदान तयारच, वय झालं आता. एका डॉक्टरांनी चक्करची गोळी दिली, दुसऱ्यांनी रात्रीची झोपेची गोळी, आणि पित्ताची तर रोज उपाशीपोटी आधीपासून चालूच होती. पिशवी फुगत गेली, आई तशाच.

इथे अपॉइंटमेंट घेताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट आणा सांगतात, ते खरंच आणा, नुसती चिठ्ठी नको. डॉक्टर मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि पिशवीच टेबलावर ओतली. शुगरची मेटफॉर्मिन वेगळी काढली, पित्ताची गोळी तिच्या शेजारी. म्हणाल्या, या दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या की बी-१२ व्हिटॅमिन अंगाला कमी लागतं, आणि शाकाहारी माणसाला ते मुळात दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. झोपेची गोळी या वयात विसरणं आणि तोल जाणं दोन्ही वाढवते, पण ती एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची. हे आधी कोणी बोललंच नव्हतं हो!

मग स्मरणशक्तीची टेस्ट. आज काय तारीख? तर आई म्हणाल्या, तिथी सांगू का, चतुर्थी, उपास आहे माझा. मॅडम हसल्या, लिहूनही घेतलं, मार्क मात्र दिला नाही. १०० मधून ७ वजा करत जा, ९३, ८६ आणि तिथे गाडी अडकली. ३० पैकी २३ आले. घोट्याच्या हाडावर तो कंप पावणारा काटा ठेवून कळतंय का विचारलं, पायात नीट कळत नव्हतं. डोळे मिटून उभं केलं तर डुलायला लागल्या.

चक्करसाठी कॉटवर बसवून मान एका बाजूला वळवून पटकन मागे झोपवलं. आईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली, आणि मॅडमनी मला त्यांची बुबुळं कशी झटके देतायत ते दाखवलं. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागा सोडून भलत्या नळीत गेले की असं होतं म्हणे. मान ठरावीक पद्धतीने फिरवून ते परत जागेवर आणतात, तिथल्या तिथे, गोळी नाही काही नाही. पुढच्या खेपेला परत एकदा करावं लागलं, पण आता कूस बदलतात बिनधास्त.

रक्तात थायरॉइड, सोडियम, बी-१२ वगैरे बघितलं आणि एमआरआय पण झाला. एमआरआयमध्ये वयाच्या मानाने काळजीचं काही नाही, थायरॉइड ठीक, बी-१२ मात्र ११८. रिपोर्टवरच २०० च्या खाली कमी असं छापलेलं होतं. इंजेक्शनं सुरू आहेत, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका, शुगरवाल्या डॉक्टरांना विचारा, हे दोनदा बजावलं. मला आवडलं ते हे की सगळं बी-१२ मुळेच आहे आणि सगळं भरून येईल असं गोड बोलल्या नाहीत, तीन महिन्यांनी तीच टेस्ट परत घेऊ म्हणाल्या. भीतीसाठी तिथल्याच समुपदेशक ताईंकडे पाठवलं, त्यांनी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आईंनी दोनदा लावलाय, एकदा तर आम्हाला न सांगता.

आता रिसेप्शन. ११ ची वेळ देऊन दीडला आत घेतलं, शुगरचं माणूस उपाशी ताटकळतंय हे सांगूनही ढिम्म. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये उपासाचं काही नव्हतं, डबा न्या. बिलात फाइल चार्ज का लावला ते कोणाला सांगता येईना. लिफ्टसमोर रॅम्प नाही, तीन पायऱ्या आहेत, चक्करच्या पेशंटच्या ओपीडीला! फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, संध्याकाळपर्यंत उत्तर येतं. आणि मंगळवार टाळा, त्या दिवशी गर्दी विचारू नका.