तालुक्याच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेला मोजमाप संच : काच चोख, काटा मात्र समजून वापरावा

वरूड तालुक्यातील आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेसाठी गेल्या सत्राच्या सुरुवातीला द्रावणांची संहती, म्हणजे ठराविक आकारमानात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण, मोजण्याचा एक तयार संच मागवला होता. ३०० ग्रॅम क्षमतेचा व ०.०१ ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा, ५० मिलिलिटरचे दोन ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने सोडणाऱ्या खुणांच्या नळ्या), ठरावीक द्रावण ओढून घेण्याचे १० आणि २५ मिलिलिटरचे पिपेट, मानेवर एकच खूण असलेले १००, २५० व ५०० मिलिलिटरचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, १०० ग्रॅमचे एक वजन, रबरी फुगा आणि माहितीपुस्तिका एवढे साहित्य त्यात येते. विश्लेषणाचा चार दशांश स्थळांचा काटा विकत घेणे ज्या महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांच्यासाठी हा संच कितपत उपयोगी आहे, हे वर्षभराच्या वापरानंतर सांगणे मला आवश्यक वाटते.

काचसामान अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. फ्लास्कवर ‘बी’ हा अचूकतेचा वर्ग कोरलेला आहे, म्हणजे १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ०.२० मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते. हा दावा तपासणे कठीण नाही. कोरडा फ्लास्क तोलला, खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी भरले आणि पुन्हा तोलला; पाण्याचे वजन ९९.४१ ग्रॅम आले. पाण्याचे तापमान ३० अंश होते आणि त्या तापमानाला एक मिलिलिटर पाणी हवेत तोलले असता सुमारे ०.९९४६ ग्रॅम भरते, म्हणून प्रत्यक्ष आकारमान ९९.९५ मिलिलिटर ठरते. तालुक्याच्या ठिकाणी आलेल्या मालात एवढा नेमकेपणा पाहून खरोखर समाधान वाटले. ब्युरेटला काचेच्या चावीऐवजी टेफ्लॉनची चावी आहे, त्यामुळे ग्रीस लावण्याची कटकट नाही आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर चावी घट्ट बसून ब्युरेट निकामी होण्याची भीतीही नाही. अर्धा थेंब टोकावर अडवून तो शंकुपात्राच्या काठाला टेकवून घेणे विद्यार्थ्यांना या चावीवर लवकर जमते.

काट्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘०.०१ ग्रॅम अचूकता’ असे छापलेले आहे आणि ते दिशाभूल करणारे आहे. काटा ०.०१ ग्रॅमचा फरक दाखवतो एवढेच त्यातून सिद्ध होते. दाखवलेला आकडा खरा आहे की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे. सोबत दिलेल्या १०० ग्रॅमच्या वजनावर कोणत्याही वर्गाची खूण नाही, त्यामुळे त्या वजनावर काटा जुळवला तरी ते वजन कशावर जुळवले, हे कळत नाही. आम्ही ‘एम-१’ वर्गाचे १०० ग्रॅमचे वजन वेगळे घेतले, ज्यात केवळ ५ मिलिग्रॅमची तफावत चालते, आणि तेव्हापासून काट्यावर विश्वास ठेवता येऊ लागला. काट्याला झाकण नसल्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा अंक सतत हलतो, आणि बॅटरी उतरली की शून्य सरकू लागते.

तरीही या काट्यावर चांगले द्रावण तयार होते, फक्त प्रमाण विचारपूर्वक निवडावे लागते. माहितीपुस्तिकेत ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल; एक मोल म्हणजे रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम) ऑक्झॅलिक आम्लाचे १०० मिलिलिटर द्रावण करायला सांगितले आहे. स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्लाचे रेणुवस्तुमान १२६.०७ असल्यामुळे त्यासाठी ०.६३ ग्रॅम घ्यावे लागते, आणि ०.०१ ग्रॅमची चूक झाली तर ती दीड टक्क्याहून अधिक होते. त्याऐवजी ०.१ मोलर संहतीचे ५०० मिलिलिटर द्रावण केले, तर ६.३० ग्रॅम तोलावे लागतात आणि तेवढीच चूक ०.१६ टक्क्यावर येते. संपूर्ण तुकडीला एकच द्रावण पुरते, ही सोय वेगळीच. पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन (माहीत असलेल्या द्रावणाशी अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत ब्युरेटने द्रावण सोडून संहती काढणे) याच द्रावणाने केले, तेव्हा विद्यार्थ्यांची वाचने ०.१ मिलिलिटरच्या आत जुळली.

पुस्तिकेतील दुसरी गोष्ट मला अधिक खटकली. सोडियम हायड्रॉक्साइडचे ४ ग्रॅम तोलून एक लिटर पाण्यात विरघळवले की ०.१ मोलर द्रावण तयार होते, असे तिच्यात बिनदिक्कत लिहिले आहे. आपल्याकडच्या जुलै महिन्यात त्या गोळ्या काट्यावर ठेवल्या की पाहता पाहता त्यांना पाणी सुटते आणि आकडा आपोआप चढत जातो. त्यात हवेतील कार्बन डायऑक्साइडही शोषला जातो. अशा पदार्थाचे वजन म्हणजे त्याचे मोल नव्हेत, म्हणून द्रावण अंदाजे करून त्याची खरी संहती ऑक्झॅलिक आम्लाशी अनुमापन करून ठरवावी लागते. बारावीच्या विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकेत ही गोष्ट ठळक अक्षरांत असायला हवी होती.

विदर्भातील उष्णतेचाही येथे विचार करावा लागतो. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कवर २७ अंश तापमान कोरलेले आहे, म्हणजे खुणेपर्यंतचे आकारमान त्या तापमानाला बरोबर असते. उन्हाळ्यात ४० अंशाच्या खोलीत खुणेपर्यंत भरलेले द्रावण २७ अंशाला आल्यावर सुमारे एक मिलिलिटरने आकसते, म्हणजे फ्लास्कच्या मान्य तफावतीच्या तिपटीहून अधिक. द्रावकाच्या वस्तुमानावर आधारलेली मोलॅलिटी यात बदलत नाही, द्रावणाच्या आकारमानावर आधारलेली मोलॅरिटी (म्हणजे मोलर संहती) बदलते. हा पाठ शिकवायला मे-जूनची दुपार उत्तम आहे, पण प्रमाणित द्रावण मात्र सकाळच्या गारव्यातच करावे.

या संचाचा सर्वांत समाधानकारक उपयोग पाण्याची कठीणता मोजण्यासाठी झाला. मुले आपापल्या गावच्या बोअरचे पाणी बाटलीत घेऊन येतात. कठीणता आणणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या ईडीटीए या पदार्थाच्या ०.०१ मोलर द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून ५० मिलिलिटर नमुन्यासाठी लागलेल्या मिलिलिटरला २० ने गुणले की लिटरमागे मिलिग्रॅम मिळतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात २०० ही स्वीकार्य आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० ही कमाल मर्यादा आहे. एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगदर्शकाचा मद्यासारखा लाल रंग निळा होण्याची वाट पाहताना वर्गात जी शांतता असते, ती इतर कोणत्याही प्रयोगात नसते, कारण तो आकडा स्वतःच्या घरच्या पाण्याचा असतो.

रबरी फुगा निकृष्ट आहे, काही महिन्यांतच त्याला चिरा गेल्या. पिपेट तोंडाने ओढू देऊ नये, तेव्हा चांगला फुगा वेगळा घ्यावा. मागणी नोंदवताना काचसामानाचा वर्ग आणि कोरलेले तापमान पावतीवर लिहून घ्यावे, आणि खोके उघडताना प्रत्येक फ्लास्कची मान उजेडात धरून तपासावी. आमच्या एका फ्लास्कला केसाएवढी चीर होती, ती त्याच दिवशी कळवल्यामुळे विक्रेत्याने विनातक्रार बदलून दिला.