लातूरची अर्थशास्त्राची सेट बॅच, उत्पादन फलनासाठी तरी लावाच

4 स्टार देतेय. एक कापलाय तो नोट्समुळं, ते खाली सांगते.

आपल्या ट्युशन एरियात नीट-जेईईचे क्लास पावलापावलाला आहेत पण अर्थशास्त्रात एमए करून सेट (प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा) द्यायची म्हणलं की सगळे पुण्यालाच जा म्हणतात, त्यामुळं ही रविवारची बॅच कळली तशी लगेच लावली. फी साडेसहा हजार, दोन हप्त्यात.

एमएला उत्पादन फलन, म्हणजे किती श्रम आणि भांडवल लावलं तर किती माल निघेल याचं सूत्र, मी नुसतं पाठ केलं होतं. इथं सरांनी पहिल्याच तासाला विचारलं की तुमच्याकडं सोयाबीनची रास कशी करता. मी सांगितलं, कापणी गुत्त्यानं (ठेक्यानं) बॅगमागं देतो आणि मग ट्रॅक्टरवरचा हडंबा (मळणी यंत्र) बोलवतो. सर म्हणले मग हडंबा एकच ठेवून माणसं वाढवत जा, काय होईल? आता हे मी लहानपणापासून बघितलंय, भरणी टाकणारे, पोती धरणारे, भुस्कट सारणारे एवढे झाले की पुढचा माणूस नुसता उभा राहतो, पोतं एकही वाढत नाही. म्हणले हेच लिओन्टिफ या अर्थशास्त्रज्ञाचं फलन, यंत्र आणि माणूस ठरल्या प्रमाणातच लागतात. कापणीचं तसं नाही, तिथं विळेवाले मजूर किंवा हार्वेस्टर, एकाच्या जागी दुसरं चालतं. दोन वर्षं पुस्तकात वाचलेलं मला त्या दिवशी कळलं.

कॉब-डग्लस फलनाला तर पूर्ण दोन रविवार दिले आणि माझ्या मते बॅचचे तेच पैसे वसूल आहेत. कॉब गणिताचे, डग्लस अर्थशास्त्राचे (हे पुढं अमेरिकेत सिनेटर पण झाले), त्यांनी 1899 ते 1922 चे अमेरिकेच्या कारखानदारीचे आकडे घेऊन 1928 मध्ये सूत्र मांडलं, त्यात श्रमाचा घात पाऊण आणि भांडवलाचा पाव, बाहेर गुणक 1.01. फळ्यावर एवढंच लिहून सर थांबले नाहीत, कॅल्क्युलेटर काढायला लावले. 1899 ला सगळं 100 धरलं तर 1920 ला श्रम 194, भांडवल 407, सूत्रानं उत्पादन 235.8 येतं आणि खरं होतं 231, आम्ही सगळे खुश. मग म्हणले आता 1922 घ्या, श्रम 161, भांडवल 431, तर सूत्रानं 208 च्या आसपास येतं आणि खरं 240! वर्गात कुणी बोलेना. सूत्र कुठं चुकतंय ते मुलांना स्वतःच्या हातानं दाखवणारा मास्तर मला तरी पहिल्यांदा भेटला. त्यातच मजूर दुप्पट केले तर उत्पादन 1.68 पट, भांडवल दुप्पट केलं तर 1.19 पटच, दोन्ही केलं की बरोबर दुप्पट, हे पण करून घेतलं, यालाच स्थिर प्रमाण फल म्हणतात, आता ते मी झोपेत पण सांगेन.

अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ सोलो पण छान झाले. 1909 ते 49 मध्ये अमेरिकेत श्रमाच्या तासामागं जेवढं उत्पादन वाढलं त्यातला आठात सात भाग त्यांनी 1957 च्या लेखात तांत्रिक बदलाला दिला, भांडवलाला फक्त एक. भांडवल मोजायचं कसं हा अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन बाईंचा या फलनांवरचा आक्षेप सरांनी परत हडंब्यावरच आणला, म्हणले जुना हडंबा भांडवल म्हणून मोजायचा कसा, किलोत, हॉर्सपॉवरमध्ये का रुपयात? रुपयात म्हणाल तर त्याची किंमत तो पुढं किती कमवणार आणि व्याजदर काय यावरच ठरते, आणि तुम्ही तर नफा का मिळतो हेच त्याच्यावरून सांगायला निघालात. हा प्रश्न घेऊन मी घरी गेले, पप्पांना पण विचारला, ते जेवताना अर्धा तास त्यावरच बोलत होते.

आता नाराजी. सीईएस फलन (श्रमाच्या जागी भांडवल किती सहज चालतं याची लवचिकता स्थिर धरणारं) एका तासात उरकलं, लई घाई झाली. ॲरो, चेनेरी, मिन्हास, सोलो यांचा 1961 चा लेख, त्यात मिन्हास आपले भारतीय, त्याला अजून एक रविवार हवाच होता. दुसरं म्हणजे नोट्स तीन-तीन आठवडे उशिरा येतात आणि झेरॉक्स इतकी फिकी की घातांकच दिसत नाहीत, या विषयात घातांक दिसला नाही तर राहिलं काय? ऑफिसात दोनदा सांगितलं, अजून सुधारणा नाही.

गणिताची भीती असणाऱ्यांनी बिनधास्त यावं, लॉग सुरुवातीपासून घेतात. औशाकडून येणाऱ्या मुलींसाठी सांगते, बॅच साडेचारला सुटते, एसटी आरामात मिळते. डबा सोबत आणा.