तेलुगू बोलायचं आहे: हजार शब्दांची कार्डं की दीडशे शब्दांची शिदोरी?

नागपुरात राहून तेलुगू शिकायची वेळ कोणावरही येऊ शकते. कुणाचं सासर वरंगलचं निघतं, कुणाची बदली हैदराबादला होते, कुणाची मुलगी तिथे नोकरीला लागते. माझ्यासारखे काही जण कळमन्याच्या मिरची बाजारात असतात आणि त्यांचा अर्धा दिवस गुंटूर-खम्ममच्या अडत्यांशी फोनवर जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये सिकंदराबादची वंदे भारत सुरू झाली, तेव्हापासून तिकडे सकाळी निघून दुपारी पोचणारेही ओळखीत बरेच झाले. त्यांतले काही जण विचारतात, की आधी शब्द पाठ करायचे आणि मग बोलायचं, की चार शब्द आले की तोंड उघडायचं? दोन्ही मी करून पाहिलं आहे. क्लास लावावा का, लिपी आधी शिकावी का, हे वाद इथे नकोत. फक्त बोलण्यापुरतं लिहितो.

कार्डांचा रस्ता बहुतेकांना माहीत असतो. मोबाइलमध्ये एका बाजूला तेलुगू शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. जो आठवला तो लांबच्या तारखेला परत येतो, जो विसरला तो उद्याच पुन्हा समोर. यामागचा विचार जुना आणि पक्का आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ मध्ये निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, विसरणं कसं कसं होत जातं ते मोजून ठेवलं. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनरनं कप्प्यांची पेटी सुचवली: बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पहिल्या कप्प्यात. आजची ॲपं त्याच पेटीचे हिशेब तुमच्या वतीनं ठेवतात. पाठांतरासाठी याहून चांगली युक्ती माझ्या पाहण्यात नाही, हे आधीच कबूल करतो.

दुसरा रस्ता तोकड्या शब्दांचा. तोही नवा नाही. १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन या इंग्रज गृहस्थानं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. त्यात एकूण ८५० शब्द होते: ६०० नावं, १५० विशेषणं आणि उरलेले १०० जोडकामाचे. त्या शंभरात क्रियापदं फक्त १८. त्यावर टीकाही रास्त झाली. क्रियापदं अठराच असली, तरी त्यांना पुढे-मागे अव्ययं जोडून जे शेकडो अर्थ निघतात ते शिकावे लागतातच, म्हणजे शब्दांत वाचवलेलं वाक्प्रचारांत खर्च होतं. इंग्रजीपुरतं हे खरं आहे. तेलुगूत मात्र मराठी माणसाला हा खर्च फार कमी पडतो, आणि ही गोष्ट शिकवणाऱ्यांकडून मी फारशी ऐकलेली नाही.

कारण वाक्याचा सांगाडा आपलाच आहे. ‘नाकु नीळ्ळु कावालि’ म्हणजे ‘मला पाणी पाहिजे’, शब्दाला शब्द. ‘नाकु तेलुगु कोंचेम वच्चु’ म्हणजे ‘मला तेलुगू थोडं येतं’, आणि तिथलं ‘येणं’ही आपल्यासारखंच दोन कामं करतं, माणूस येतो आणि भाषाही येते. ऐकणारा धरून ‘आपण’ आणि ऐकणारा सोडून ‘आम्ही’ हा फरक हिंदीत नाही. तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’ असा तो जसाच्या तसा आहे. दिल्लीच्या माणसाला जो धडा समजून घ्यावा लागेल, तो आपल्याला आयताच मिळतो.

शिदोरीत काय घ्यावं, याचा माझा हिशेब असा. कावालि आणि वद्दु, म्हणजे पाहिजे आणि नको. उंदि आणि लेदु, म्हणजे आहे आणि नाही. वच्चु आणि रादु, म्हणजे येतं आणि येत नाही. प्रश्नाचे शब्द सगळे: एंत, एक्कड, एप्पुडु, एवरु, एंदुकु, एला. मग हे, ते, इथे, तिथे, आज, उद्या, आकडे, आणि तुमच्या धंद्याची किंवा घराची पन्नासेक नावं. क्रियापदं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण त्यांत ‘चेय्’ म्हणजे ‘कर’ हवंच हवं. शहरी तेलुगू माणूस इंग्रजी शब्दापुढे ‘चेय्’ लावून मोकळा होतो: फोन चेय्यंडि, वेट चेय्यंडि, ॲडजस्ट चेय्यंडि. आपण वेगळं काय करतो? त्यामुळे जेवढी इंग्रजी क्रियापदं तुम्हाला मराठी बोलताना चालतात, तेवढी सगळी एका ‘चेय्’च्या भांडवलावर तेलुगूतही चालतात.

काळांचंही फार मनावर घेऊ नये. ‘चेस्तानु’ म्हणजे ‘करतो’ आणि ‘करीन’ दोन्ही, ‘चेसानु’ म्हणजे ‘केलं’. आणि ‘चेय्यलेदु’, म्हणजे ‘केलं नाही’, हे रूप मी, तू, तो, ते सगळ्यांना एकच. इतर ठिकाणी शेवट माणसाप्रमाणे बदलतो, पण तिथेही पळवाट आहे: समोरच्याबद्दल किंवा तिसऱ्याबद्दल बोलताना सरसकट आदरार्थी ‘-आरु’ लावा. ‘वच्चारु’ म्हटलं की साहेब आले, बाई आल्या, मंडळी आली, सगळं भागतं. कुणाला जास्तीचा मान मिळाला तर तो काही परत करत नाही.

आता माझा कौल ज्या एका त्रासानं ठरवला त्याकडे येतो.

तो त्रास म्हणजे नागपूरची हिंदी. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी दोन्ही मुलखांच्या राज्याची राजधानी होतं. हिंदी इथे रस्त्यावर, बाजारात, रिक्षात, कोर्टात मुरलेली आहे. त्यामुळे इथे कुणीही परका माणूस अडखळला की समोरचा भलेपणानं हिंदीवर येतो. तेलुगू माणूस तर हमखास येतो, कारण नागपूरकराशी हिंदीत बोलायचं हे त्यानं गृहीतच धरलेलं असतं. आणि एकदा गाडी हिंदीवर गेली की ती परत येत नाही. तुम्ही पुन्हा तेलुगूत एक वाक्य टाकता, तो हसून ‘अरे वा’ म्हणतो आणि उत्तर हिंदीतच देतो. दहा मिनिटांचं बोलणं होतं, त्यात तेलुगू पहिल्या पाच सेकंदांची.

कार्डांच्या दिवसांत माझं हे रोज व्हायचं. शब्द कमी होते म्हणून नव्हे. शब्द भरपूर होते. ‘माल ओला वाटतो’ म्हणायचं असे, तर ओल, ओलसर, दमट, भिजलेला असे चार शब्द गड्डीत होते आणि त्यांतला नेमका कुठला, हे डोकं शोधत बसे. कार्डावर त्या शोधाला वेळ असतो. आठवला की बटण दाबायचं. फोनवर तेवढा वेळ म्हणजे शांतता, आणि शांतता म्हणजे पलीकडून ‘हां बोलो भाई, क्या बोल रहे थे’. जितके शब्द जास्त, तितकी निवड जास्त, तितकी ती शांतता लांब. निदान माझ्या डोक्याचं तरी असं होतं. ज्यांचं डोकं जलद चालतं त्यांना हा अनुभव येणार नाही, हेही शक्य आहे.

दीडशे शब्दांत ही भानगड राहत नाही. ओल म्हणायला एकच शब्द माहीत आहे: तेम. म्हणून वाक्यही एकच बनतं: ‘तेम उंदा?’ ओल आहे का? व्याकरणाच्या मास्तरांना ते उघडंबोडकं वाटेल. पण ते लगेच बाहेर पडतं, आणि लगेच पडल्यामुळे पलीकडचा तेलुगूतच उत्तर देतो. लेदु, लेदु. झालं, बोलणं तेलुगूत राहिलं. पुढचं वाक्यही तेलुगूत येतं, त्यातून एखादा नवा शब्द कानावर पडतो, आणि तो शब्द कुणीतरी खरोखर आपल्याला उद्देशून वापरलेला असल्यामुळे टिकतो. नागपुरात बसून शिकणाऱ्याला शब्दसंख्येपेक्षा वेग जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत या एका गोष्टीवरून झालं. हैदराबादच्या जुन्या शहरातही उर्दूमुळे हेच होत असावं. गुंटूरच्या खेड्यात कदाचित नाही, कारण तिथे समोरच्याकडे हिंदीची पळवाटच कमी.

शांतता भरण्यासाठी तीन गोष्टी तोंडात तयार ठेवाव्यात. पहिली ‘अंटे’, म्हणजे आपलं ‘म्हणजे...’, तेलुगू माणूस स्वतः अडखळला तरी हेच म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की गडी तेलुगूतच विचार करतोय. दुसरी ‘दीन्नि तेलुगुलो एमंटारु?’, याला तेलुगूत काय म्हणतात? तिसरी ‘अर्थम् कालेदु, मळ्ळी चेप्पंडि’, कळलं नाही, पुन्हा सांगा. या तिन्हीमुळे तुमची अडचणही तेलुगूतच सांगितली जाते. माझ्या ओळखीचा एक हमाल मला म्हणायचा, “हिंदीत होते ना बा सगळं, काहून डोकं खपवून राहिला?” होते, खरं आहे. भाव हिंदीत कळतो. पण तिकडे पाऊस झाला म्हणून माल दोन दिवस उघड्यावर होता, ही गोष्ट मला बहुतेक वेळा तेलुगूतच कळलेली आहे.

शिदोरीची दुखरी बाजू लपवत नाही. तुम्हाला दीडशे शब्द येतात हे समोरच्याला माहीत नसतं. तुम्ही जितके चटकन बोलाल तितका तो बिनधास्त पूर्ण वेगानं सुटतो, आणि मग तुम्ही नुसतं ‘सरे, सरे’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणत बसता. समजण्याच्या बाबतीत कार्डवाला सरळ पुढे आहे. दुकानाच्या पाट्या, लग्नाची पत्रिका, डब्यात शेजारच्यांचं चाललेलं भांडण, हे त्याला आधी कळेल. शिवाय आपल्या कानाला ओळखीचे वाटणारे संस्कृत शब्द तेलुगूत कधी कधी भलतीकडे निघतात. ‘अवसरम्’ म्हणजे तिकडे गरज, संधी नव्हे, आणि ‘अनुमानम्’ म्हणजे शंका. असली ठेच कार्डं आधीच दाखवतात, बोलणाऱ्याला ती चारचौघांत लागते.

पण कार्डांची भाषा बहुधा पुस्तकी, किनारी आंध्राकडे झुकलेली असते, हेही लक्षात घ्या. कार्डावर ‘वेळ्ळानु’ शिकलात, म्हणजे ‘गेलो’. करीमनगरचा माणूस ‘पोयिना’ म्हणेल. तेलंगणाच्या बोलीत निजामाच्या काळापासून उर्दू शब्दही भरपूर आहेत, ते नागपूरकराला फुकटात कळतात पण गड्डीत सापडत नाहीत. नागपूरहून गाडी बल्लारशाह सोडून पुढे गेली की आधी तेलंगणाच लागतं, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांना हीच बोली ऐकायची असते.

मग कुणी काय घ्यावं? परीक्षा द्यायची असेल, सरकारी कागद वाचायचे असतील, किंवा स्वभाव असा असेल की चुकीचं वाक्य तोंडातून निघाल्यावर रात्री झोप लागत नाही, तर कार्डं घ्या; त्यात कमीपणा काही नाही. सासरी जाणाऱ्या जावयानं किंवा सुनेनं मात्र शिदोरीच घ्यावी, असं मी म्हणेन. सासूबाईंना ‘मीरु तिन्नारा?’, तुम्ही जेवलात का, एवढं वेळेवर विचारलं, तर पुढचे शब्द त्या स्वतः शिकवतात. व्यापाऱ्याला तर दुसरा पर्यायच मला दिसत नाही. आयटीतल्या बदलीवाल्यांचं थोडं अवघड आहे: ऑफिसात इंग्रजी, बाहेर हिंदी, दोन्हीकडून कोंडी. त्यांनी निदान एक माणूस असा धरावा ज्याला हिंदी कमी येते; सोसायटीचा वॉचमन किंवा इस्त्रीवाला बहुतेकदा चालतो.

कार्डं मी पूर्ण सोडलेली नाहीत, फक्त क्रम उलटा केला. आता ॲपमधली तयार गड्डी नाही. दिवसभराच्या फोनांत जिथे अडलो तेवढेच शब्द संध्याकाळी कार्डावर जातात. त्यामुळे माझी गड्डी बारीक आणि जरा विचित्र आहे. तिच्यात ‘ढग’ नाही, ‘पुस्तक’ नाही. पण मिरचीचा घाटु, म्हणजे झणका, आहे, तालु म्हणजे आपली फटकी, रंग उडालेली मिरची, आहे, आणि टिक्की म्हणजे मिरचीची बोरी आहे. कालच्या फोनवरून त्यात वजनकाट्याचा शब्द टाकायचा राहिलाय.