नोटपॅड++ चं फाइंड-रिप्लेस : फुकटात सोनं, फक्त 'रिप्लेस ऑल' जरा जपून

आमच्या दिवाळी अंकाचं टायपिंग आणि प्रूफ दोन्ही माझ्याच गळ्यात, वीसेक लेखकांच्या फाइली येतात आणि त्यातले निम्मे लोक 'की' च्या जागी 'कि' लिहितात. साधं रिप्लेस मारलं की 'किती' चं 'कीती' आणि 'किल्ला' चा 'कील्ला' होतो, कारण कॉम्प्युटरला शब्द कळतच नाही, क आणि त्यापुढे पहिली वेलांटी दिसली की घुसला तो. वर्डमधे वाइल्डकार्ड्स (कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या खुणा) आहेत पण त्यात 'हे किंवा ते' म्हणायची सोय नाही.

नोटपॅड++ या साधा मजकूर लिहायच्या-सुधारायच्या प्रोग्रॅममधे कंट्रोल एच दाबायचं, सर्च मोड रेग्युलर एक्स्प्रेशन (म्हणजे खुणांनी नमुना सांगून शोधणं) करायचा, वर टाकायचं (^| )कि( |,|$) आणि खाली $1की$2. म्हणजे आधी ओळीची सुरुवात नाहीतर स्पेस, नंतर स्पेस, कॉमा नाहीतर ओळीचा शेवट, असा सुटा 'कि' तेवढाच धर आणि कंसात पकडलेलं आजूबाजूचं जसंच्या तसं परत ठेव. जेवढ्या फाइली उघड्या आहेत तेवढ्यांत एका बटणात काम होतं, आधी दोन रात्री जायच्या हो यात!

आता माझा गाढवपणा. एका लेखात शब्दाशब्दाला कंस होते, ते उडवायला मी \(.*\) टाकलं, म्हणजे उघडता कंस, मधे काहीही (या मोडमधे पूर्णविराम म्हणजे कुठलंही अक्षर, तारा म्हणजे कितीही वेळा) आणि बंद कंस. पॅरेग्राफ म्हणजे त्याच्या लेखी एकच ओळ, त्यामुळे पहिल्या उघडत्या कंसापासून शेवटच्या बंद कंसापर्यंत मधला सगळा मजकूर गिळला. साठेक कंस होते आणि खाली आकडा आला १४, तेव्हा पोटात गोळा आला. एक कंट्रोल झेड मारल्यावर सगळं परत आलं, मग \(.*?\) केलं, त्या प्रश्नचिन्हामुळे तो पहिल्याच बंद कंसाशी थांबतो. 'डॉट मॅचेस न्यूलाइन' ची टिक पण काढलेलीच बरी, नाहीतर तो पूर्णविराम ओळ ओलांडून पुढे जातो, आणि 'रॅप अराउंड' ची मात्र हवी, नाहीतर कर्सरच्या वरचं तसंच राहतं.

आकड्यांचं पण लक्षात ठेवा, [0-9] ने देवनागरी आकडे सापडत नाहीत, [०-९] असंच लिहावं लागतं.

वैताग एकच, मोड तसाच लक्षात ठेवतो, दुसऱ्या दिवशी नुसता पूर्णविराम शोधायला गेलं तर प्रत्येक अक्षर सापडतं. २००३ पासून फुकट आहे पण फक्त विंडोजवर, म्हणून आमची मॅकवाली आर्टिस्ट तिच्या फाइली पण मलाच पाठवते, वर म्हणते तुझं दोन मिनिटांचं तर काम आहे.