निळा रंग मारून परत आलेल्या चार एअर मोटरी

आमचं बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शाई बनवायचं छोटं युनिट आहे. सॉल्व्हंटची वाफ असते म्हणून ढवळायला दाबाच्या हवेवर चालणाऱ्या मोटरी लावल्यात, ठिणगीची भीती नाही अन् लोड वाढला तर नुसती थांबते, जळत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा गाळ्यात पाणी शिरलं नाही पण आठवडाभर सगळं बंद होतं आणि हवेच्या लाइनमधला ओलावा मोटरींच्या पोटात तसाच राहिला. इथं चूक माझी, बंद करायच्या आधी थोडं तेल सोडून दोन मिनिटं फिरवायला हवं होतं, आळस केला. उघडल्यावर दोन जाम, दोन रडत रडत चालायच्या.

ओळखीच्या ओळखीतून मोटरी दुरुस्त करणारा एकजण आला. फुल ओव्हरहॉल, व्हेनचा म्हणजे आतल्या पट्ट्यांचा सेट नवा, बेअरिंग नवे, सहा महिने गॅरंटी, मोटरमागे साडेसहा हजार. बिल मागितलं तर हाताने लिहिलेली चिठ्ठी. वर "इम्पोर्टेड एअर ऑइल" म्हणून पाच लिटरचा डबा, बावीसशे रुपये, डब्यावर लेबल नाही आणि मी तेही विचारलं नाही, म्हणजे बघा. चार दिवसांनी चारी मोटरी चकाचक निळ्या होऊन आल्या, त्याने स्वतः बसवल्या, अशा पळाल्या की मी त्याला चहा पाजला.

तीन आठवड्यांनी बघतो तर आमचा पोरगा हवा चालू ठेवून शाफ्टला हाताने ढकला मारतोय, तेव्हा कुठे मोटर उचलते. मी ओरडलो, बोटं जातील रे.

मग दांडिया बाजारात राहणारे एक रिटायर फिटर काका आहेत त्यांना बोलावलं. त्यांनी मोटरीकडे बघितलंच नाही, आधी एफआरएलचा, म्हणजे हवेच्या लाइनवरच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा, प्रेशरचा काटा बघितला. "हे सातवर कोणी नेलं?" आम्ही कायम पाच किलो प्रेशरवर चालवतो. बसवताना त्या दुरुस्तीवाल्याने गुपचूप रेग्युलेटर फिरवून ठेवला होता आणि मी समोर उभा राहून चहा पाजत होतो!

मोटर खोलली. रोटरच्या खाचांतल्या पट्ट्या, म्हणजे व्हेन, आपल्या वजनाने सरकायला पाहिजेत, काकांनी रोटर उलटा करून तळहातावर आपटला तरी एक पण पडली नाही. स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढल्या तर काकवीसारखा काळा चिकटा. व्हर्निअर लावला, कुठली नऊ मिलिमीटर, कुठली पावणेनऊ, कडा गोल झालेल्या. कपाटात कंपनीचा एक सेट पडून होता तो मोजला, बारा. म्हणजे आमच्याच जुन्या पट्ट्या धुवून परत घातलेल्या. बेअरिंगवर तर आमचाच गंज होता.

काकांनी समजावलं ते असं, झिजलेली पट्टी भिंतीला नीट टेकत नाही, हवा बाजूने निसटते आणि ताकद जाते. प्रेशर वाढवलं की हे झाकलं जातं, जाड तेलाने फट काही दिवस बुजते, मग तेच तेल पाणी आणि कचऱ्याबरोबर गोंद होतं अन् पट्टी खाचेत अडकते. एअर मोटरला पातळ तेल लागतं, काका व्हीजी 32 च (हा तेलाच्या जाडीचा नंबर) सांगतात, आणि लुब्रिकेटरच्या काचेतून मिनिटाला एक-दोन थेंब पडताना दिसले पाहिजेत. आमच्यात थेंब दिसतच नव्हता, फिल्टरची वाटी पाण्याने अर्धी भरलेली.

त्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तर म्हणतो, "तमारी लाइनमां पाणी आवे छे, एमां अमे शुं करीए." अर्धं खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. दुसऱ्यांदा फोन उचललाच नाही.

आता मोटर बाहेर द्यायच्या आधी मी व्हेनची उंची मोजून वहीत लिहितो, प्रत्येकीच्या बाजूला सुईने बारीक रेघ मारतो, काट्याचा फोटो काढतो आणि आधीच सांगतो की जुने पार्ट पिशवीत घालून परत पाहिजेत. हे ऐकूनच एकाने काम नको म्हटलं. कंप्रेसरच्या टाकीचं पाणी पोरगा रोज सकाळी सोडतो. दोन मोटरी नवे सेट टाकून वाचल्या, उरलेल्या दोघींच्या सिलिंडरला आतून चरे पडलेत, त्या पडून आहेत.

बावीसशेचं तेल गेटच्या बिजागऱ्यांना घालतो. तिथे मस्त चालतं.