इंग्लंडमधली बोर्डिंग प्रेप शाळा, नऊ महिन्यांनंतर: नावाच्या पट्ट्या शिवूनच घ्या

परवा उन्हाळ्याच्या सुट्टीला लेकाची ट्रंक घरी आली. सप्टेंबरमध्ये बारा जोड मोजे दिले होते. परत आले चार जोड आणि सात सुटे, त्यातले तीन दुसऱ्याच कुणाचे. म्हणून लिहायला बसले.

शाळेचं नाव घेत नाही. नैर्ऋत्य इंग्लंडमधलं खेडं, भोवती मेंढ्यांची कुरणं, आठ ते तेरा वर्षांची मुलं. प्रेप म्हणजे मोठ्या शाळेसाठी तयारी करून घेणारी खासगी शाळा. आम्ही दोघंही हॉस्पिटलात, दोघांनाही रात्रपाळ्या, आजी-आजोबा सांगलीला. बोर्डिंग हौसेने घेतलेलं नाही. त्यात 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20% व्हॅट लागला. शाळेने थोडा भार उचलला, उरलेला आमच्यावर आला. एवढे पैसे मोजल्यावर मोजे हरवलेले मला चालत नाहीत.

प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी लागते. मी इस्त्रीने चिकटणाऱ्या घेतल्या, कारण शिवत बसायला वेळ नव्हता. ड्रायरच्या उष्णतेने त्यांच्या कडा सुटल्या आणि ऑक्टोबरच्या हाफ टर्मपर्यंत (सत्राच्या मधली सुट्टी) निम्म्या गळून पडल्या. ऑफिसला तीन मेल केले. उत्तर एकच: नाव नसलेल्या वस्तूची जबाबदारी आमची नाही. नाताळात विणलेल्या पट्ट्या आणून स्वेटर आणि शर्टांना शिवल्या, मोजे तसेच राहिले. शर्टाला चारी बाजूंनी टाके घाला. मोज्याच्या इलॅस्टिकवर मात्र फक्त दोन टोकांना, नाहीतर ताणलं की दोरा तुटतो.

त्या मेलमध्ये मी मेट्रनबद्दल, म्हणजे वसतिगृहात मुलांची देखभाल करणाऱ्या बाईंबद्दल, बरंच कडवट लिहिलं होतं. ते मत मागे घेते. फेब्रुवारीत एक्झियाटच्या (मुलांना घरी सोडतात त्या सुट्टीच्या) शनिवारी त्याला आणायला गेले, तर तो तिच्या खोलीत स्टुलावर बसून बडबडत होता आणि ती त्याच्याच स्वेटरची उसवलेली पट्टी शिवत होती. झोप लागली नाही की तो तिथेच जाऊन बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आजोबांचा पहिला प्रश्न होता, "मारतात का रे?" नाही. इंग्लंडच्या खासगी शाळांत छडी 1999 मध्ये कायद्याने बंद झाली. बाकी पुष्कळ जुनंच आहे. अशा शाळांत सर्वांत जुनी म्हणून विंडलशम हाउसचं नाव घेतात. चार्ल्स माल्डन या नौदल अधिकाऱ्याने ती 1837 मध्ये काढली. तेराव्या वर्षी मोठ्या शाळेत जाण्यासाठीची कॉमन एन्ट्रन्स परीक्षा 1904 पासूनची. सात वाजता घंटा, दुपारी चिखलात रग्बी, संध्याकाळी वर्गात बसून गृहपाठ. त्या गृहपाठालाही 'प्रेप'च म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला फोनवर माझा गोंधळ व्हायचा.

फोन आठवड्यातून दोनदा. पण रविवारी नाश्त्यानंतर सगळ्यांनी घरी पत्र लिहायचं, हातानेच. सुरुवातीला मला हा नुसता रिवाज वाटला. मे महिन्यात त्याने आजीला मराठीत पत्र लिहिलं. घरी कितीही मागे लागले तरी पाटीवर दोन ओळी लिहीत नसे, आणि इथे पानभर! 'ळ' सगळीकडे उलटा. 'आजी, इथे वरण पातळ असतं, त्यात मीठ नसतं.' (ते सूप होतं.) आजीने ते देवघरात ठेवलंय.

पुढच्या वर्षीही तो तिथेच जाणार. आणखी शंभर पट्ट्या मागवल्यात, या वेळी मोज्यांनाही.